बटाट्यात टोक

एइबारला ऊन उशिरा येतं.
डोंगर दोन्हीकडून इतके जवळ
की खिडकीतून हात काढला तर ओलं गवत लागेल.
तरीही बित्तोर म्हणाला, झडपा लाव, गराझी.
उजेडात लाल रंग खोटं बोलतो.

आदल्या दिवशी मी त्याच्या वडिलांची कलम मोडली होती.
बंदुकीच्या पट्टीवर ओकची पानं कोरायची ती कलम.
पट्टीच्या खोलगट कोपऱ्यात तिचं पोट टेकायचं,
टोक पोचायचंच नाही.
वाटलं, मान जरा वर करावी तिची.
शेगड्यात आवळली, थंडच,
आणि जोर दिला.

आवाज केवढा?
वाळलेली शेंग फुटते तेवढा.
तुकडा बाकाखाली गेला, किसात हरवला,
मी गुडघ्यांवर, लोहचुंबक घेऊन, कान लाल.

बित्तोर ओरडला असता तर सोपं गेलं असतं.
त्यानं डोळ्याला भिंग लावलं,
मोडलेलं तोंड दिव्याखाली फिरवत राहिला.
बघ, म्हणाला, राखाडी. दाणा किती बारीक.
चाळलेल्या मिठासारखा.
बाबा पाणी छान द्यायचे.

शोक केला असेल तर एवढाच.

मोडेन पण वाकणार नाही, अशी जात ही,
मी म्हणाले, पोलादाची म्हणतेय.
हो, तो म्हणाला, त्याचीही.

आज अँचोवीच्या जुन्या डब्यातून दुसरी कलम निघाली.
मग वरच्या मजल्यावरून एक बटाटा,
मोठा, सालीसकट,
आणि त्यामागोमाग त्याच्या बहिणीचा, कोंचेसीचा आवाज:
परत आणा, मोजून ठेवलेत!

टोक बटाट्यात खुपसलं,
दोन बोटं खोल. मान बाहेर.
मानेला लाल होऊ दे,
टोकाला खबर लागता कामा नये.

ज्योत बारीक, निळी.
मानेवर आधी वाळल्या गवताचा पिवळा आला,
मग तपकिरी,
मग जांभळा, घाईघाईनं,
मग तो निळा, ज्याला सगळे सुंदर म्हणतात
आणि बित्तोर म्हणतो, चोर.
हा धारेपर्यंत गेला की पाणी उतरलं समज.
नंतर वर्षभर घासत बस, लोणीही कापणार नाही.
बटाटा चुरचुरू लागला.
कच्च्या पिठाचा वास, मग भाजल्याचा.

पक्कड! ती पण धर ज्योतीत, गार लावू नकोस.

अंधारात एक चेरी पिकली,
काडीएवढी.
आत्ता.
एकदाच, अर्ध्या श्वासात, मनगट न थरथरता
(थरथरलं, पण उजवीकडे, जिकडे वळायचंच होतं).
मान वळली. कसलीच कुरकुर नाही.
काल जिच्यासाठी मी सगळा खांदा लावला होता
ती आज मधात चमचा फिरावा तशी.

पुन्हा नको, तो म्हणाला, थोडं कमी असलं तरी नको.
रंग गेल्यावर हात लावायचा नाही.
फुंकू नकोस. पाण्यात तर नकोच.
आपलं आपण काळं होऊ दे.

आम्ही बसून राहिलो.
रस्त्यावरून कुणीतरी पिंप गडगडवत नेलं.
त्यानं वडिलांबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडलं
आणि कानस कुठे ठेवलीस, असं विचारलं.

टोकावर कानस फिरवली.
घसरली. चावली नाही.
मानेवर फिरवली, तिथे खरखरली, थोडी खाल्ली.
असंच हवं, म्हणाला. जिथे कापायचं तिथे कडक,
जिथे सोसायचं तिथे नाही.
आणि लगेच, जास्त बोललो असं वाटून,
झडपा उघडायला उठला.

संध्याकाळपर्यंत चौदा पानं झाली.
कोपऱ्यातलं पान, तेही.
त्याची मधली शीर जरा वाकडी आहे,
शिकाऱ्याला दिसणार नाही,
मला दिसेल, तो विकला गेलेला असला तरी.

रात्री रश्श्यात बोनितो होता, मिरची,
आणि बटाट्याची एक फोड,
मधोमध काळं भोक, टाचणीपेक्षा जाड.
ती माझ्याच ताटलीत आली.
कोंचेसीनं मुद्दाम वाढली असणार.
लोखंडाची चव होती, थोडी.
मी पाव लावून सगळं पुसून खाल्लं.